ज्ञानूचा उजवा हात

भूतखेत, करणी, अंगात येणं... ह्यातलं काही मी कधी मानलं नाही, आणि आज विचाराल तर आजही नाहीच म्हणेन. गावात कुणी घुमायला लागलं की मी तिथून उठून जायचो. मुंज्याच्या पिंपळाखाली भर दुपारी ताणून दिली म्हणून आईचा मार खाल्लेला माणूस आहे मी. तुमच्या सदरातले अनुभव आमची सून मोठ्यानं वाचते आणि मी आतल्या खोलीतून म्हणतो, "ह्याला वांगी बाधली असतील!" आता मीच लिहायला बसलोय, म्हणजे हसायची पाळी तुमची. हसा, पण सगळं वाचून मग हसा.

मी सध्या सांगलीला विश्रामबागेत मुलाकडे असतो. मूळ गाव वाईच्या पलीकडं, कृष्णेच्या काठाला. आमच्याकडं घरटी एक तरी गडी पलटणीत असायचाच. मी चार इयत्ता जास्त शिकलेला म्हणून लवकर लान्स नाईक झालो. महायुद्ध संपलं, वाटलं आता घरी जाऊन मळणी करायची... तर जेमतेम महिनाभर रजा देऊन आम्हाला बोटीत घालून नेलं जपानला! हरलेल्या मुलखावर पहारा द्यायला जी फौज गेली तिच्यात आमची मराठा पलटण होती. साल १९४६. शहराचं नाव मात्सुए. एका अंगाला भलंमोठं तळं, मधोमध टेकडीवर काळा लाकडी किल्ला, भोवती पाण्यानं भरलेले खंदक. बॉम्बच्या तडाख्यातून सुटलेलं गाव होतं, त्यामुळं जुनं सगळं जागच्या जागी होतं.

माझ्याबरोबर ज्ञानू होता. आमच्या बांधाला बांध लागून असलेल्या घरातला, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. मला आप्पा म्हणायचा. अंगानं धिप्पाड आणि मनानं लोणी. त्याची दोन मुलं गेली होती. पहिला पाचवी पुजायच्या आतच गेला, दुसरा चालायला लागता लागता गेला. आणि आता गावाहून निरोप आला होता की बायजाला, म्हणजे त्याच्या बायकोला, पुन्हा दिवस गेलेत. तेव्हापासून गड्याच्या डोक्यात एकच — हे तिसरं तरी जगावं. जेवताना तेच, पहाऱ्यावर तेच. मला कधी कधी त्याचा राग यायचा, कारण त्याच्या ह्या काळजीवर माझ्याकडं काही उत्तर नव्हतं.

थंडी सुरू होत होती तेव्हाची गोष्ट. आमच्या तुकडीला एक दिवस शहर बघायची सुट्टी मिळाली. सकाळी ट्रकनं पुलापाशी सोडणार, संध्याकाळी तिथूनच उचलणार. तिथल्या लोकांत फार मिसळायचं नाही असा हुकूम होता, पण देवळं आणि किल्ला बघायला मुभा होती. बाकीचे तळ्याकडं गेले. मी आणि ज्ञानू निघालो देवळाकडं, कारण ज्ञानूला कुठंही नेलं तरी तो आधी देव शोधायचा.

देऊळ शहराच्या कडेला, उंच झाडांच्या सावलीत. तिथं जुन्या सरदारांच्या समाध्या आहेत. एका समाधीपुढं दगडाचं कासव — माणसाहून उंच, पाठीवर भलीमोठी शिळा घेतलेलं. मी म्हणालो, "बघ ज्ञानू, आपल्याकडं कासव देवाच्या दारात पायाखाली असतंय. हितं बिचाऱ्याला हमाली लावलीया." ज्ञानू हसला. त्यानं कासवाला हात लावून तो कपाळाला लावला. इथपर्यंत सगळं झकास होतं. खरं सांगतो, घर सोडल्यापासून इतकं निवांत मला कधी वाटलं नव्हतं.

देवळाच्या मागच्या अंगाला, शेवाळलेल्या भिंतीच्या कडेनं, दगडी मूर्तींची एक लांबलचक रांग होती. गुडघ्याएवढ्या मूर्ती. मुंडण केलेलं डोकं, मिटलेले डोळे, तान्ह्या पोरासारखे गोल चेहरे. आणि प्रत्येकीच्या गळ्यात तांबड्या कापडाचं लाळेरं बांधलेलं. पुढं कुठं फुलं, कुठं लाकडाचं खेळणं, कुठं नुसतेच एकावर एक रचलेले गोटे. एक बाई हात जोडून गेली होती, तिची उदबत्ती अजून जळत होती.

ज्ञानू तिथं थबकला. हळूच म्हणाला, "आप्पा, ही हितली सटवाई हाय."

मला नवल वाटलं नाही. तांबडं कापड, बाळाचं रूप, बायकांची ये-जा... आमच्या गावचा कुठलाही माणूस तेच समजला असता. मीही तेच समजलो. आमच्या गावच्या देवीच्या देवळात एक रीत आहे. जिची मुलं जगत नाहीत, तिच्या ओटीत गुरव देवीच्या अंगावरचा खण उचलून घालतो. त्या खणाचं बाळाला पहिलं झबलं शिवायचं, म्हणजे देवीची राखण. बायजानं तो खण दोनदा घेतला होता, आणि दोन्ही वेळा काय झालं ते वर सांगितलंच.

ज्ञानू बूट काढून एका मूर्तीपुढं बसला. पालीच्या खंडोबाचा भंडारा तो पुडीत घालून कायम जवळ ठेवायचा, त्यातला चिमूटभर मूर्तीच्या कपाळाला लावला. एक रानफूल तोडून तिच्या उजव्या खांद्यावर ठेवलं आणि कौल मागितला. आमच्याकडं असाच मागतात. फूल पडलं तर देवाचा होकार. मी मागं उभा राहून विडी ओढत होतो. वारा अजिबात नव्हता, हे मला नक्की आठवतं, कारण विडीचा धूर माझ्याच डोळ्यांत जात होता.

फूल पडलं नाही. लाळेऱ्याची गाठ सुटली, आणि ते तांबडं कापड घसरून ज्ञानूच्या मांडीवर पडलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "दिलं आप्पा. न मागता दिलं." त्यानं कापडाची घडी करून छातीवरच्या खिशात ठेवली, बटण लावलं. कौल मी मानत नाही. पण एवढा आनंद झालेल्या माणसापुढं शहाणपण पाजळायला जीभ रेटेना.

आम्ही किल्ल्याकडं निघालो. रस्ता दगडी, दोन्ही बाजूंना जुनी घरं. थोडं चाललो असू, आणि मागून खडावांचा आवाज यायला लागला. तिकडं सगळेच लाकडी खडावा घालतात, त्यात विशेष काही नाही. पण हा आवाज बारका होता. आम्ही थांबलो की थांबायचा. मी मागं वळून बघितलं तर अख्खा रस्ता मोकळा. ज्ञानू मात्र वळला नाही. चालत राहिला, आणि नेहमीपेक्षा हळू चालत राहिला. त्याचा उजवा हात अंगापासून जरा लांब होता.

किल्ल्याच्या आत बूट काढून जावं लागतं. दारात एक म्हातारा राखणदार बसला होता. आम्ही बूट काढले आणि वर चढलो. आत सगळं काळंकुट्ट लाकूडकाम, माळ्यावर चढायला असतात तशा उभ्या शिड्या. सगळ्यात वरून तळं दिसलं, होड्या दिसल्या. अजिंक्यताऱ्यावरून सातारा दिसतो तसं सगळं गाव पायाशी. मी अगदी खूश होऊन बोलत होतो. ज्ञानूचं लक्ष नव्हतं. शिडी उतरताना तो एकेक पायरी थांबून उतरत होता, खाली वाकून... जसं आपण लहान पोराला उतरवतो.

खाली आलो. तिकडं पाहुण्यांचे जोडे फिरवून बाहेरच्या तोंडानं ठेवायची रीत आहे. राखणदारानं आमचे बूट तसे ठेवले होते. माझे बूट, ज्ञानूचे बूट, आणि ज्ञानूच्या बुटांना चिकटून तांबड्या पट्ट्याच्या एवढ्याशा खडावा.

"कुणाच्या रं ह्या?" मी म्हणालो. म्हटलं असेल कुणाचं पोर आत. आम्ही बूट चढवून निघालो. दरवाजाबाहेर पोचतो न पोचतो तोच म्हातारा मागून पळत आला, हातात त्या खडावा. हसत हसत तो ज्ञानूच्या उजव्या बाजूला गुडघ्यांवर बसला. खडावा जमिनीवर जोडीनं ठेवल्या, आणि रिकाम्या हवेत हात फिरवून काहीतरी लाडानं बोलला. अनवाणीच निघालास होय, असं नातवाला म्हणतात ना, तसं. मग आम्हाला वाकून नमस्कार केला आणि परत गेला.

सूर्य डोक्यावर होता. आजूबाजूला माणसं होती. आम्ही तसेच पुढं झालो. दहा-बारा पावलांवर पुन्हा तो आवाज सुरू झाला. मी वळून बघितलं. म्हाताऱ्यानं खडावा ठेवल्या तिथं काही नव्हतं.

मी घाबरलो. ब्रह्मदेशातल्या लढाईतही भ्यालो होतो, पण तिथं गोळी कुठून येणार ते माहीत असायचं. इथं कुठं बघायचं तेच कळत नव्हतं.

किल्ल्याच्या पायथ्याशी एका म्हातारीचं चहाचं दुकान होतं. मी तिथल्या बाकावर बसलो. म्हातारी आली. माझ्यापुढं कप ठेवला, ज्ञानूपुढं कप ठेवला. मग एक वाटीएवढा लहान कप आणून ज्ञानूच्या उजव्या हाताशी, बाकाच्या कडेला ठेवला. त्याच्या शेजारी उकडलेल्या रताळ्याचा तुकडा. तेव्हा तिकडं खायचे वांधे होते, रताळं म्हणजे चैन. तो तुकडा तिनं फुंकर घालून निववला आणि मग ठेवला.

"ज्ञानू," मी म्हणालो, "हे काय चाललंय?"

तो शांतपणे म्हणाला, "देवळापासनं माझं बोट धरलंय, आप्पा. म्या तुमास्नी बोललो न्हाई. तुमी हसला असता."

मी त्याच्या हाताकडं बघितलं. पहिलं बोट जरा वाकडं, बाहेर काढलेलं. दिसत काही नव्हतं. पण बोटाच्या पेराभोवतीची कातडी दाबल्यासारखी पांढरी पडली होती.

मी उठलो, त्याच्या खिशाचं बटण काढलं आणि ते कापड म्हातारीपुढं धरलं. तिचा चेहरा उतरला. भाषा येत नव्हती, पण तिनं सगळं सांगितलं. देवळाकडं बोट केलं. हातांचा पाळणा करून झुलवला. मग डोळे मिटून मान टाकली. मग वाकून ओंजळीनं माती लोटल्यासारखं केलं. शेवटी तिनं ते कापड माझ्या हातातून घेऊन आपल्या छातीशी धरलं, दोन्ही हातांनी, आणि माझ्याकडं बघत राहिली. आई आपल्या मेलेल्या लेकरासाठी ते बांधते, हे सांगायला दुभाषी कशाला पाहिजे?

सटवाई नव्हती ती. गेलेल्या पोरांची रांग होती. आणि ज्ञानू तिथलं कापड येऊ घातलेल्या लेकराच्या अंगावर घालायला निघाला होता.

"ऊठ," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता परत ठेवायचं."

ज्ञानू हलला नाही. त्यानं त्या लहान कपाकडं बघितलं. म्हणाला, "आप्पा, आमची दोन गेली. धरून ठिवली तरी गेली. ह्यो आपल्या पायानं माज्या मागं आलाय. ह्याला म्या कसा हाकलू?"

"अरं, बायजाच्या पोटात जित्तं लेकरू हाय! त्याचा इचार कर की!"

"तेचाच करतुय. त्येला भाऊ नगो व्हय?"

त्या प्रकाराची भीती होतीच, आता ज्ञानूची वाटायला लागली. माझा सोबती डोळ्यांदेखत हातातून निसटत होता. दरडावून उपयोग नव्हता. मग मला सुचलं ते बोललो, "ज्ञानू, ह्येची आई हाय रं. ती आज न उद्या तिथं येणार. तिला ह्यो गावायचा न्हाई. तुला नि बायजाला जे सोसावं लागलं, ते तिनं दुसऱ्यांदा सोसायचं का?"

मग त्यानं रताळ्याचा तुकडा उचलून रुमालात बांधला, म्हातारीकडून कापड घेतलं आणि उठला.

परतीच्या वाटेवर खडावांचा आवाज संथ झाला होता. मी ज्ञानूच्या डाव्या बाजूनं चालत होतो, उजवीकडं बघायचं टाळत. देवळामागं पोचलो तर त्या रांगेपुढं एक बाई होती. तरुण, अंगावर विटलेले कपडे. ती एकेका मूर्तीच्या गळ्याशी हात नेऊन चाचपत होती आणि पुढच्या मूर्तीकडं सरकत होती. काय शोधतेय ते विचारायला नको होतं.

ज्ञानू पुढं गेला, डोक्यावरची टोपी काढली, आणि कापड तिच्यापुढं धरलं. दोन परक्या मुलखाचे शिपाई बघून ती दचकली. मग तिला कापड दिसलं. मला वाटलं ओरडेल, शाप देईल. तिनं काही केलं नाही. कापड घेतलं, भंडारा लागलेल्या त्या मूर्तीच्या गळ्यात नीट बांधलं. मग उकिडवी बसून तिनं ज्ञानूच्या उजव्या हाताच्या दिशेनं आपले दोन्ही हात पसरले, ये म्हणताना पसरतात तसे. आणि हात मिटले. तिला काही दिसलं, की ती नुसती सवयीनं तशी बसली, देव जाणे.

"गेला," ज्ञानू म्हणाला. त्याचं बोट सैल झालं होतं. त्यानं रुमालातलं रताळं मूर्तीपुढं ठेवलं. मी त्याला दंडाला धरून तिथून काढला. रांगेच्या शेवटापर्यंत आम्हाला भिंतीच्या कडेनंच जावं लागलं, त्या सगळ्या मिटलेल्या डोळ्यांसमोरून.

ट्रक वेळेवर आला. पोरं गात होती, कुणी पंखे आणले होते, कुणी बाहुल्या. खच्चून भरलेल्या ट्रकात मी ज्ञानूच्या डाव्या बाजूला बसलो. जीव भांड्यात पडला होता. थट्टा करावी म्हणून त्याच्याकडं वळलो, आणि बघतो तर त्याच्या उजव्या बाजूला वीतभर जागा रिकामी. पलीकडचा गडी पाय ठेवायला जागा नाही म्हणून कुरकुरत होता, तरी त्या जागेत सरकत नव्हता. ज्ञानूचा हात खाली सोडलेला. बोट पुन्हा वाकडं.

मी त्याच्या कानाशी लागून विचारलं, "गेला न्हवं त्यो?"

"त्यो आईपाशी गेला, आप्पा. ह्यो दुसरा हाय." ज्ञानू सावकाश बोलत होता. "ह्येचा हात लय बारका हाय. गारढोण. तिथनं निगताना रांगेतनं धरलं."

"मग तवाच का बोलला न्हाईस? ठिवून आलो असतो की!"

"कुणापाशी ठिवायचा? ह्येला न्यायला कुणीच येत न्हाई. लढाईत सगळीच गेली असतील."

पुलावरून ट्रक खडखडत गेला. मी सबंध वाटेत माझे दोन्ही हात काखेत दाबून बसलो होतो.

पुढं मी छावणीतल्या डॉक्टरला आडून आडून विचारलं. तो म्हणाला, मनावर ताण असला की शिरा आखडतात, बोट वाकडं राहू शकतं. मान्य. पण मग राखणदार? म्हातारी? त्यांच्या शिरा कुणी आखडल्या होत्या? ज्ञानूनं मला शपथ घातली की गावात बोलायचं नाही. तो आता नाही, म्हणून लिहितोय.

थंडी सरता सरता गावाहून निरोप आला : मुलगी झाली, बायजा आणि लेक खुशाल. सत्तेचाळीस सालीच आम्ही परत आलो. मुलगी जगली. पाचवी पुजली, दात आले, चालायला लागली. ज्ञानूला आभाळ ठेंगणं झालं होतं. मीही सुखावलो. एवढं मात्र पाहत होतो की तो लेकीला कायम डाव्या कडेवर घ्यायचा. शेतावर जाताना उजवा हात मोकळा सोडलेला असायचा. कुणी विचारलं तर सांगायचा, लढाईत दुखावलाय.

स्वातंत्र्यानंतर तिसऱ्या वर्षीची गोष्ट. कृष्णाबाईच्या उत्सवाला आम्ही सगळे वाईला घाटावर गेलो होतो. सकाळची वेळ, माणसांची दाटी. मुलगी तेव्हा अडीच-तीन वर्षांची, बापाचा डावा हात धरून पायऱ्या उतरत होती. तिच्या बाजूला शेवाळ होतं, पाय घसरत होते. मी ज्ञानूच्या उजवीकडून चालत होतो. म्हणालो, "अगं बाय, ह्या अंगाला ये. बापाचा ह्यो हात धर, हिकडं कोरडं हाय."

तिनं मान वाकवून बापाच्या पलीकडं बघितलं. माझ्याकडं नाही, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर कुठंतरी. आणि अगदी साधेपणानं म्हणाली, "त्यो हात दादाचा हाय."

बायजाचे डोळे भरून आले. तिला वाटलं, लेकीनं कुणाच्या तरी तोंडून आपल्या गेलेल्या भावांबद्दल ऐकलं असेल. तसंच असेल. मी गेली कितीतरी वर्षं स्वतःला तेच सांगतोय. ज्ञानूनं माझ्याकडं बघितलं नाही.

पण तेव्हा त्या गर्दीत, देव न मानणारा, भूत न मानणारा मी, एक पाऊल बाजूला सरकलो आणि ज्ञानूच्या नि माझ्या मध्ये जागा केली. कुणासाठी केली, ते मला आजही सांगता येत नाही.